थोरांच्या नांवावर खपणारीं वाक्यें

आम्हां सोलापूरकरांना चादर पारखण्याचें शिक्षण कोणी मुद्दाम देत नाहीं. तें आपोआप अंगीं येतें. बाहेरगांवचा पाहुणा 'सोलापुरी' अशी चिठ्ठी पाहून एखादी चादर विकत आणतो आणि घरांतील एखादी वडीलधारी बाई ती उलटी करून, वीण पाहून, कांठ चाचपून सांगते कीं, ही आपल्या गांवची नव्हे. चिठ्ठी सोलापूरची असली म्हणजे माल सोलापूरचा असतोच असें नाहीं, हें आम्ही व्यवहारांत पक्कें जाणतों. परंतु एखादें वाक्य हातीं आलें असतां हीच चौकस बुद्धि कोठें जाते, हें मात्र कळत नाहीं. वाक्याखालीं एखाद्या थोर पुरुषाचें नांव आणि शेजारीं त्याचें छायाचित्र असलें, कीं आम्ही त्याची वीण पहात नाहीं. तें सरळ अंगावर घेतों, किंवा दुसऱ्याच्या अंगावर फेकतों.

आज ज्या वाक्यांविषयीं बोलावयाचें आहे, तीं एका नाजूक विषयासंबंधीं आहेत. पुरुषाला पुरुषाविषयीं आणि स्त्रीला स्त्रीविषयीं वाटणारें आकर्षण हा तो विषय. नाजूक म्हणून तो आपल्या घरांतून बोलला जात नाहीं. आणि बोलला जात नाहीं म्हणूनच त्यावरील खोटीं वाक्यें बिनबोभाट खपतात.

माझ्याच घरांतील एक प्रसंग सांगतों. दिवाळीच्या फराळाला आमची सर्व मंडळी जमली होती. एका आप्तांनीं मोबाईलवर आलेलें एक चित्र मोठ्यानें वाचून दाखविलें. एका दिवंगत पुढाऱ्यांच्या नांवावर त्यांत असें वाक्य होतें कीं, अशा माणसांना समाजांत जागा देऊं नये, त्यांना कठोर शासन करावें. गांधीजींचेंही मत असेंच होतें, अशी पुस्तीही त्यांनीं जोडली. त्याबरोबर घरांतील एका मुलीनें आपल्या मोबाईलवरून डॉक्टर आंबेडकरांच्या नांवाचें एक वाक्य वाचलें. कोणाची प्रवृत्ति स्वभावतःच तशी असेल तर त्यांत गैर कांहीं नाहीं, असा त्याचा आशय होता. झालें! दोन तट पडले, आवाज चढले; माझा पुढारी मोठा कीं तुझा, यावर येऊन वाद थांबला. ह्या गडबडींत माझा एकोणीस वर्षांचा भाचा ताट अर्धें टाकून उठून गेला, हें फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो माझ्याकडे आला आणि एवढेंच म्हणाला, "मामा, तीं वाक्यें खरीं आहेत का, तें पाहतां येईल?" येईल, म्हणून मीं सांगितलें, आणि आम्ही दोघे त्या कामाला लागलों. त्या शोधांत जें शिकावयास मिळालें, तेंच आज आपणांपुढें मांडतों.

पहिल्या वाक्याचा निकाल एका दिवसांत लागला. त्याखालीं ग्रंथाचें नांव नव्हतें, सभेचें स्थळ नव्हतें, दिनांक नव्हता. त्यांत 'एलजीबीटी' हें अलीकडचें आद्याक्षरी नांव मात्र होतें. हें नांव इंग्रजींत रूढ झालें तें विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या सुमारास. आणि ज्यांच्या तोंडीं तें घातलें होतें, ते गृहस्थ त्याच्या कितीतरी वर्षें आधीं वारलेले. शिवकालीन पत्रांत आगगाडीचा उल्लेख यावा, तशांतलाच हा प्रकार. असें वाक्य रचणाऱ्याला राग भरपूर असतो, पण इतिहास ठाऊक नसतो, आणि तो बहुधा शब्दांत सांपडतो.

दुसऱ्या वाक्यानें मात्र आम्हांला पुष्कळ दिवस गुंतवून ठेवलें. कारण त्याच्या मागें एक खरी आणि मोठी हकीकत उभी आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव व गणिताचे प्राध्यापक. त्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' हें मासिक सुरूं केलें, तें १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें. कामविषयक प्रश्नांची चर्चा शास्त्रीय दृष्टीनें व उघडपणें करावी, एवढाच त्यांचा अपराध. १९३१ सालीं व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालीं दुसरा खटला झाला, तो वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल. आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. ह्या दुसऱ्या खटल्यांत कर्व्यांचें वकीलपत्र डॉक्टर भीमराव आंबेडकर यांनीं घेतलें. खटला कर्वे हरले व त्यांना दोनशें रुपये दंड झाला.

एवढी हकीकत पक्की आहे. आतां तें वाक्य पहा. मुंबईच्या न्यायालयाचें कामकाज इंग्रजींत चाले. पुढें ह्या खटल्याची हकीकत प्राध्यापक म. वा. धोंड यांनीं 'जाळ्यातील चंद्र' ह्या पुस्तकांत मराठींत मांडली. २०१७ सालीं अजित दळवी यांचें 'समाजस्वास्थ्य' हें नाटक अतुल पेठे यांनीं रंगभूमीवर आणलें. त्यावर वर्तमानपत्रांतून व संकेतस्थळांवरून लेख आले. त्या लेखांचीं दुसऱ्या भाषांत भाषांतरें झालीं. आणि अखेरीस छायाचित्र जोडून चार ओळींचें चित्र तयार झालें. म्हणजे न्यायालयापासून आमच्या फराळाच्या ताटापर्यंत येईतों त्या युक्तिवादानें किती घरें बदललीं आणि किती भाषा बदलल्या, याची मोजदाद करा. नाटककाराला संवाद रचण्याचें स्वातंत्र्य असतें, आणि असावें. इतिहासकार मूळ कागदाचा सारांश आपल्या शब्दांत देतो, आणि तोही आपल्या जागीं बरोबर असतो. पण सारांशाला आणि संवादाला अवतरणचिन्हें लावून 'बाबासाहेब म्हणाले' असें आपण छापलें, कीं आपण खोट्या साक्षीच्या जवळ जातों.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. वकील न्यायालयांत जें बोलतो, तें अशिलाच्या वतीनें बोलतो. त्या युक्तिवादावरून वकिलाचें खासगी मत काढणें नेहमींच सुरक्षित नसतें. मग आंबेडकरांविषयीं आपण काय म्हणावें? आपण असें म्हणावें कीं, ज्या काळीं कर्व्यांचें नांव घेतलें तरी सभ्य गृहस्थ तोंड फिरवीत, त्या काळीं त्यांनीं हें वकीलपत्र घेतलें. आणखी असेंही म्हणावें कीं, १० नोव्हेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या विधानसभेंत संततिनियमनाचा जो ठराव पी. जे. रोहम यांनीं मांडला, त्याच्या पाठीशीं आंबेडकरच होते, आणि त्यांचें तें भाषण महाराष्ट्र शासनानें काढलेल्या त्यांच्या ग्रंथावलींत कोणालाही वाचतां येतें. ह्या दोन गोष्टी निश्चित आहेत. त्यांना सजविलेल्या वाक्याचा आधार लागत नाहीं. उलट सजविलेलें वाक्य उद्यां उघडें पडलें, तर तें ह्या खऱ्या गोष्टींवरही संशय ओढून आणील. आपल्या बाजूचें वाक्य तपासण्याचें कारण हेंच आहे. विरोधकाचें खोटें वाक्य आपण हौसेनें तपासतों. कसोटी लागते ती आपल्याला आवडलेल्या वाक्याच्या वेळीं.

आमच्या आप्तांनीं गांधीजींचा दाखला दिला होता, त्याकडे वळूं. गांधीजींनीं अशा वर्तनाविरुद्ध कडक शब्दांत लिहिलेलें आढळतें, आणि तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्यांच्या नांवाचा उपयोग कसा झाला, याची एक बोधप्रद कथा हिंदी वाङ्मयाच्या इतिहासांत आहे. पांडेय बेचन शर्मा 'उग्र' यांचा 'चॉकलेट' नांवाचा कथासंग्रह १९२७ सालीं प्रसिद्ध झाला. विषय पुरुषांमधील आकर्षणाचा. 'विशाल भारत'चे संपादक बनारसीदास चतुर्वेदी यांनीं अशा लेखनाला 'घासलेटी साहित्य' असें नांव देऊन मोहीम उघडली आणि गांधीजींकडे तक्रार नेली. गांधीजींनीं पुस्तक स्वतः न वाचतां, मिळालेल्या माहितीवर विसंबून प्रतिकूल मत दिलें; तें छापून आलें व सर्वत्र पसरलें. पुढें त्यांनीं पुस्तक वाचलें आणि चतुर्वेदींना पत्रानें कळविलें कीं, लेखकाचा हेतु शुद्ध दिसतो, त्यानें त्या व्यवहाराविषयीं वाचकांच्या मनांत घृणाच उत्पन्न केली आहे. हें दुसरें पत्र मात्र त्या वेळीं प्रकाशांत आलें नाहीं. तें लोकांपुढें आलें स्वातंत्र्यानंतर, गांधीजी हयात नसतांना.

ह्या कथेंत कोणतेंही वाक्य बनावट नाहीं, हें पहा. पहिलें मत खरें, दुसरेंही खरें. तरी वीस वर्षांहून अधिक काळ लोकांपुढें अर्धेंच सत्य राहिलें. आणि अर्ध्या सत्यानें एका लेखकाची जी हानि व्हावयाची, ती होऊन गेली. शिवाय दुसऱ्या पत्राचाही अर्थ जपूनच लावला पाहिजे. तें पुस्तकाच्या हेतूविषयीं आहे. विषयाला मिळालेली ती संमति नव्हे. पुस्तकाचें समर्थन आणि विषयाचें समर्थन यांतला भेद जो विसरेल, तो उलट्या दिशेनें तीच चूक करील.

गांधीजींच्याच संबंधांत २०११ सालीं घडलेला प्रकार आपल्यापैकीं पुष्कळांना आठवत असेल. जोसेफ लेलिव्हेल्ड ह्या अमेरिकन पत्रकारानें गांधीजींवर एक चरित्रग्रंथ लिहिला. त्यांत दक्षिण आफ्रिकेंतील शिल्पज्ञ हर्मान कॅलनबाख यांच्याशीं गांधीजींच्या असलेल्या निकट स्नेहाविषयीं कांहीं पत्रें उद्धृत केलीं होतीं. हेच कॅलनबाख, ज्यांच्या जमिनीवर १९१० सालीं टॉलस्टॉय फार्म उभें राहिलें. ग्रंथ भारतांत विक्रीस येण्यापूर्वींच परदेशी वर्तमानपत्रांतील परीक्षणांनीं व मथळ्यांनीं असा गवगवा केला कीं, लेखकानें गांधीजींना समलिंगी संबंध ठेवणारे ठरविलें आहे. ३० मार्च २०११ रोजीं गुजरात विधानसभेंत ग्रंथावर एकमुखानें बंदीचा निर्णय झाला. महाराष्ट्रांतही बंदीची भाषा झाली. लेखक सांगत राहिला कीं, असा शब्द आपल्या ग्रंथांत कोठेंही नाहीं. गंमत अशी कीं, त्या पत्रांपैकीं कांहीं गांधीजींच्या समग्र वाङ्मयाच्या पुरवणी खंडांत पूर्वींच छापलेलीं होतीं. तेव्हां कोणीही खवळलें नव्हतें. गोपाळकृष्ण गांधी, राजमोहन गांधी, तुषार गांधी अशा त्यांच्या वंशजांनींच बंदीला विरोध केला. पुढच्याच वर्षीं, २०१२ सालीं, कॅलनबाख यांच्या संग्रहांतील गांधीविषयक कागदपत्रें लिलावाला निघालीं, तेव्हां भारत सरकारनें तीं लिलावापूर्वींच विकत घेतलीं. वादाचा शेवट करावयाचा असेल तर हाच मार्ग योग्य. मूळ कागद राखून ठेवावा, आणि ज्याला शंका असेल त्याला तो वाचावयास द्यावा.

आतां अगदीं अलीकडचें उदाहरण. हयात व्यक्तीच्या बाबतींत वाक्य खरें असतें, चित्रफीतही असते, तरी आपण फसतों. कारण आपल्यापुढें एकाच दिवसाचें वाक्य येतें. १७ मार्च २०१६ रोजीं राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तत्कालीन सहसरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनीं एका जाहीर परिषदेंत सांगितलें कीं, इतरांच्या जीवनाला उपद्रव होत नसेल तर समलिंगी संबंध हा गुन्हा मानूं नये. दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं खुलासा केला कीं, हा गुन्हा नसला तरी समाजदृष्ट्या अनैतिक आहे; शिक्षेची गरज नाहीं, मानसिक प्रश्न म्हणून त्याकडे पाहावें. पुढें जानेवारी २०२३ मध्यें सरसंघचालक मोहन भागवत यांनीं एका मुलाखतींत, असे लोक समाजांत नेहमींच होते व त्यांनाही समाजांत आपलें स्थान असावें, अशा आशयाचें मत मांडलें. ह्या तीन विधानांतून एकच उचलून कोणी संघाला अत्यंत उदार ठरवितो, कोणी अत्यंत अनुदार. प्रामाणिक वाचकाचें काम एवढेंच कीं, तिन्ही विधानें त्यांच्या तारखांसह ओळीनें मांडावीं; मग ज्याचें त्यानें मत बनवावें.

न्यायालयांच्या निकालांविषयींही असाच घोटाळा होतो. १८६० सालच्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम २००९ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें रद्द ठरविलें. ११ डिसेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें एकमतानें हे संबंध गुन्ह्याच्या कक्षेंतून काढले. ह्या शेवटच्या निकालांत चार स्वतंत्र निकालपत्रें आहेत. शिवाय प्रत्येक निकालपत्रांत दोन्ही पक्षांचे युक्तिवाद नोंदलेले असतात. विरोधी वकिलाचें वाक्य उचलून 'सर्वोच्च न्यायालय म्हणतें' असें लिहिणारे लोक थोडे नाहींत. म्हणून न्यायालयाचें वाक्य पुढें आलें कीं विचारावें: निकाल कोणत्या सालचा? तो पुढें फिरला का? आणि हें वाक्य न्यायमूर्तींचें, कीं त्यांनीं नोंदलेलें दुसऱ्या कोणाचें?

तात्पर्य, वाक्य पारखण्याची रीत चादर पारखण्याहून अवघड नाहीं. तें प्रथम कोठें व केव्हां छापलें गेलें, हें शोधावें. जागा व दिनांक नसेल तर तें वाक्य उसनवारीचें समजावें. त्यांतील शब्द त्या माणसाच्या काळीं होते का, तें पाहावें. तें मूळ कोणत्या भाषेंत उच्चारलें, आणि आपल्यापुढें आहे तें भाषांतर कोणाचें, हें विचारावें. त्याच्या मागचें व पुढचें पान वाचावें. बोलणारा स्वतःच्या नांवानें बोलत होता, कीं अशिलाच्या, पात्राच्या वा प्रतिपक्षाच्या तोंडून, हें ठरवावें. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजी शंभर खंड, आंबेडकरांची ग्रंथावलि, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल हें सर्व आज घरबसल्या पाहतां येतें. आणि ज्यांना कागदाचाच विश्वास वाटतो, त्यांच्यासाठीं आपल्या शहरांत हिराचंद नेमचंद वाचनालयासारखीं ग्रंथालयें आहेत. इतकें करूनही उलगडा झाला नाहीं, तर 'ठाऊक नाहीं' असें म्हणून वाक्य आपल्यापाशींच थांबवावें. तें पुढें न पाठविणें हेंही एक सत्कार्यच आहे.

आणि समजा, वाक्य खरें निघालें; मग? मग तें त्या माणसाचें मत होतें, एवढेंच सिद्ध झालें. गणितांतील सिद्धांत थोरांच्या सहीनें खरा ठरत नाहीं. माणसाच्या प्रकृतीचा प्रश्नही ठरूं नये. अमेरिकेंतील मानसरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें १९७३ सालीं आणि जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालीं समलिंगी आकर्षण रोगांच्या यादींतून काढून टाकलें. तीसचाळीस वर्षें आधींच्या पुढाऱ्याला हें कोठून ठाऊक असणार? त्याच्या काळाचें अज्ञान त्याच्या थोरवीला बाधत नाहीं; पण आपल्या काळाच्या ज्ञानाला तें बांधूनही ठेवूं शकत नाहीं.

शेवटीं त्या भाच्याविषयीं. त्यानें मला आपल्याविषयीं कांहीं सांगितलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं. आमचा शोध संपल्यावर त्यानें आमच्या घरच्या व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या. पहिलें वाक्य बनावट आहे, दुसऱ्याचा शब्दशः आधार आम्हांला मिळाला नाहीं, आणि मिळाल्या त्या गोष्टी ह्या, असें त्यानें दोन्ही पक्षांना सारख्याच शांतपणें कळविलें. आमच्या आप्तांनीं तें चित्र काढून टाकलें. वाद मिटला असें मी म्हणत नाहीं. पण पुढच्या खेपेस मंडळी जमली, तेव्हां तो मुलगा पान संपेपर्यंत पंक्तींत बसून होता.

श्रोतेहो, अशीं वाक्यें आपण पुढाऱ्यांवर उधळतों असें आपणांस वाटतें. पुढारी तर केव्हांच निघून गेलेले असतात. तीं लागतात तीं आपल्याच पंक्तींत, आपल्या शेजारीं, गप्प बसलेल्या कोणाला तरी. म्हणून बोलण्यापूर्वीं वीण पाहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.